घाटमाथा, समुद्र आणि आकाश

सातारा आणि सांगली या दोन्ही शहरांतून समुद्र दिसत नाही. कृष्णा महाबळेश्वरी उगम पावते. तेथून पश्चिम समुद्र सरळ रेषेत अवघा चाळीस मैल. परंतु ही नदी त्या समुद्राकडे पाठ फिरविते आणि वाई, कऱ्हाड, सांगली असा प्रवास करीत पूर्व समुद्राची वाट धरते. नदीप्रमाणेच या मुलखातील माणसांचे तोंडही सामान्यतः देशाकडेच वळलेले असते. शेती, घोडा, डोंगरी किल्ला आणि पायदळातील शिपाईगिरी हा येथील वारसा होय. आरमार म्हटले की कोकण आठवते आणि विमान म्हटले की बंगळूर किंवा दिल्ली. सातारा-सांगलीचा त्यांच्याशी काय संबंध, असा प्रश्न सुशिक्षित घरातही विचारला जातो.

संबंध फार निकटचा आहे. गलबत समुद्रावर लढते आणि विमान आकाशात. पण ते बांधावे की बांधू नये, चढवावे की थोपवावे, त्याच्या सरदारास विश्वासात घ्यावे की शत्रू लेखावे, हे सारे निर्णय जमिनीवर होतात आणि पुष्कळदा समुद्रापासून दूरच्या गावी होतात. मराठ्यांचे आरमार उभे राहिले व बुडाले, त्या दोन्ही घटनांच्या मुळाशी घाटमाथ्यावरचे निर्णय होते. पुढे विसाव्या शतकात हवाई दलाच्या व नौदलाच्या इतिहासातही याच मुलखाची नावे पुन्हा आली. ती हकीकत क्रमाने पाहण्यासारखी आहे.

शिवाजी महाराजांनी इ. स. १६५७ मध्ये कल्याण व भिवंडी घेतली आणि त्यानंतर आरमाराची उभारणी सुरू झाली. १६६४ च्या नोव्हेंबरात मालवणच्या बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला. १६७९ मध्ये मुंबईच्या तोंडाशी असलेली खांदेरी तटबंदीखाली आली आणि इंग्रजांना प्रथमच आपल्या दारातील पाणी परके झाल्याची जाणीव झाली. या उद्योगामागील विचार पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या आज्ञापत्रात स्पष्ट मांडलेला आढळतो. त्यात आरमार हे राज्याचे एक स्वतंत्र अंग मानले आहे. त्याची नेमणूक निश्चित असावी, सावकार व व्यापारी यांस उपद्रव होऊ नये, लाकडासाठी रयतेची आंब्याफणसाची झाडे तिच्या संमतीवाचून तोडू नयेत, इतक्या बारकाईने तेथे सूचना दिल्या आहेत. राज्याचे अंग आणि एखाद्या सरदाराची खासगी दौलत यांत जो भेद आहे, त्यातच पुढच्या साऱ्या सुखदुःखाचे बीज होते.

१७०८ च्या जानेवारीत शाहू महाराजांना साताऱ्यास राज्याभिषेक झाला. तेव्हा समुद्रावर कान्होजी आंग्रे समर्थ होते, परंतु त्यांची निष्ठा कोल्हापूरच्या बाजूस, म्हणजे ताराबाईंकडे होती. १७१३ मध्ये त्यांच्यावर चालून गेलेले पेशवे बहिरोपंत पिंगळे कैद झाले आणि लोहगड आंग्र्यांच्या हाती गेला. आता कान्होजी साताऱ्यावर येणार, अशी भीती उत्पन्न झाली. या प्रसंगी शाहू महाराजांनी बाळाजी विश्वनाथ यास पुढे केले आणि १७ नोव्हेंबर १७१३ रोजी पेशवेपदाची वस्त्रे दिली. बाळाजी मूळचा श्रीवर्धनचा. सिद्दीचा जाच काय असतो आणि दर्यावर्दी माणसाचा अभिमान कोठे दुखावतो, हे तो जाणून होता. त्याने तलवारीपेक्षा बोलण्यावर भर दिला. कान्होजींनी छत्रपतींची सत्ता मान्य करावी, छत्रपतींनी त्यांचे सरखेलपद व किनाऱ्यावरील किल्ले कायम करावेत, असा तह झाला. घाटमाथ्यावरच्या दरबाराने एका कागदाने जे आरमार मिळविले, ते लढाई करून त्यास कधीच मिळाले नसते.

या आरमाराची रचना ध्यानी घेण्यासारखी आहे. त्यात मुख्यतः गुराबा व गलबते असत. गुराब म्हणजे दोन किंवा तीन डोलकाठ्यांचे रुंद जहाज. तिच्या नाळेवर तोफा बसविलेल्या असत. गलबत लहान, हलके, शिडाबरोबर चाळीस-पन्नास वल्ह्यांनी चालणारे. दोघांचेही तळ उथळ असल्याने ती खाड्यांत सहज शिरत, तेथे इंग्रजांच्या खोल तळाच्या जहाजांचे काही चालत नसे. वारा पडला की गलबते गुराबांना ओढून नेत. शत्रूच्या जहाजावर बाजूच्या तोफांची रांग असे, म्हणून त्याच्या पिछाडीस जाऊन मारा करावयाचा आणि ते लंगडे झाले की चहूकडून चढून जावयाचे, ही त्यांची रीत होती. किनाऱ्याजवळ ही पद्धत अजोड ठरे. भर समुद्रात मात्र मोठ्या तोफांच्या उंच जहाजापुढे ती अपुरी पडे. हा उणेपणा कारखान्याचा होता, शौर्याचा नव्हे.

आंग्र्यांच्या दस्तकावाचून या किनाऱ्याने कोणी व्यापार करू नये, असा कान्होजींचा आग्रह असे. पोर्तुगीज स्वतः दीर्घकाळ हेच करीत आले होते. परंतु एतद्देशीयाने तेच करताच तो इंग्रजी कागदांत चाचा ठरला. १७१७ पासून मुंबईकर इंग्रजांनी विजयदुर्ग व खांदेरीवर स्वाऱ्या केल्या आणि त्या फसल्या. १७२१ च्या डिसेंबरात इंग्रज व पोर्तुगीज एक होऊन कुलाब्यावर चालून आले. तेव्हा साताऱ्याच्या दरबाराने बाजीरावाबरोबर घाटावरची घोडदौड खाली उतरविली. इंग्रजांचा हल्ला मोडला आणि पोर्तुगीजांनी १७२२ च्या जानेवारीत निराळा तह करून अंग काढून घेतले. समुद्रावरचे आरमार आणि घाटावरची फौज एकमेकांच्या हाकेस धावली की काय होते, याचा हा उत्तम दाखला होय.

दुर्दैवाने हा मेळ फार काळ टिकला नाही. १७२९ मध्ये कान्होजी वारले. दोन वर्षांपूर्वी जंजिऱ्याच्या सिद्दी सात याने चिपळूणजवळचे परशुरामाचे देवस्थान उद्ध्वस्त केले होते. तेथील ब्रह्मेंद्रस्वामी घाट चढून साताऱ्यानजीक धावडशीस येऊन राहिले आणि त्यांनी छत्रपती, पेशवे व आंग्रे या तिघांच्याही मागे मोहिमेचा लकडा लावला. १७३३ मध्ये मोहीम निघाली. रायगड परत मिळाला. परंतु जंजिरा मिळाला नाही. पेशवे आणि प्रतिनिधी यांच्यातील चुरस मोहिमेतही उतरली होती. त्याच वर्षी सेखोजी आंग्रे वारले आणि त्यांच्या भावांत कलह पेटला. १७३६ मध्ये चिमाजी अप्पांनी सिद्दी सातास ठार केले, पण समुद्रातील तो किल्ला अखेरपर्यंत मराठ्यांच्या हाती आला नाही.

आंग्रे बंधूंच्या कलहावर दरबाराने काढलेला तोडगा रोगापेक्षा वाईट ठरला. १७३५ मध्ये दौलतीची वाटणी झाली: मानाजी कुलाब्यास, संभाजी दक्षिणेकडे. शेताची वाटणी करता येते. आरमाराची वाटणी म्हणजे आरमाराचा नाशच होय. एका दर्यावर दोन सरदार झाले आणि दोघेही एकमेकांविरुद्ध परक्यांचे साहाय्य शोधू लागले.

१५ डिसेंबर १७४९ रोजी शाहू महाराज निवर्तले आणि कारभाराचे केंद्र पुण्यास गेले. दक्षिणेकडील आरमार आता संभाजीचा भाऊ तुळाजी याच्याकडे होते. तुळाजी निर्दोष होता असे कोणी म्हणणार नाही. तो पेशव्यांस जुमानीत नसे आणि शेजारच्या मराठे सरदारांच्या मुलखासही त्याने उपद्रव दिला. परंतु कान्होजीही एके काळी जुमानीत नव्हते. १७१३ मध्ये त्यावर जो उपाय योजला, तो १७५५ मध्ये योजला गेला नाही. नानासाहेब पेशव्यांनी मुंबईकर इंग्रजांशी करार केला. एप्रिल १७५५ मध्ये कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसन जहाजांनिशी व क्लाइव्ह फौजेनिशी विजयदुर्गावर आले. एक गोळा बंदरातील जहाजावर पडला, आग लागली आणि एकमेकांस बांधलेली सारी गुराबे-गलबते काही घटकांत जळून गेली. किल्ला इंग्रजांनी घेतला, सुमारे दहा लाखांची लूट आपसांत वाटली आणि बाणकोट पदरात पडल्यावरच विजयदुर्ग पेशव्यांच्या हवाली केला.

तुळाजी कैद झाला तो कायमचाच. त्याच्या बंदिवासाचा काही काळ साताऱ्याजवळच्या वंदन गडावर गेला. ज्याने आयुष्यभर भरती-ओहोटी पाहिली, त्यास घाटमाथ्याच्या कातळावर कोंडून ठेवण्यात आले. कोरेगावच्या वाटेवरून चंदन-वंदनाची जोडी दिसते. तिच्याकडे पाहताना हे स्मरण ठेवावयास हवे.

पेशव्यांनी विजयदुर्गास पुन्हा आरमार ठेविले आणि ते निःसत्त्व नव्हते. ८ एप्रिल १७८३ रोजी आनंदराव धुळपांनी रत्नागिरीच्या पाण्यात रेंजर नावाचे इंग्रजी जहाज पाडाव केले. तथापि दर्यावरचा दरारा गेला तो गेलाच. १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी साष्टी व ठाणे घेतले. ११ फेब्रुवारी १८१८ रोजी एल्फिन्स्टनने साताऱ्यास जाहीरनामा काढून पेशवाई संपल्याचे जगास कळविले. विजयदुर्गाच्या बंदरातील आगीस तेव्हा बासष्ट वर्षे होत आली होती. केवळ आरमार जळाल्यामुळे राज्य गेले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल; परंतु ज्या मुंबईतून हे सारे घडले, तिच्या दारावरचा पहारा मराठ्यांनी आपल्या हाताने उठविला होता, हे नाकारता येत नाही.

यानंतर शंभर वर्षे या देशात मोठी जहाजे परक्यांची आणि त्यांवरील खलाशी तेवढे येथले, अशी स्थिती राहिली. ती पालटण्याचा उद्योग सोलापूरच्या एका गृहस्थाने केला. वालचंद हिराचंद यांनी सहकाऱ्यांसह सिंदिया कंपनी स्थापिली आणि ५ एप्रिल १९१९ रोजी कंपनीची लॉयल्टी ही आगबोट मुंबईहून विलायतेस निघाली. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी दोन गोष्टी एकदम हाती घेतल्या. डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने बंगळुरास हिंदुस्थान एअरक्राफ्ट हा विमानांचा कारखाना काढला आणि जून १९४१ मध्ये विशाखापट्टणास जहाजबांधणीच्या कारखान्याची कोनशिला बसविली. विमानांच्या कारखान्यात सरकारने प्रथम भागी घेतली आणि १९४२ मध्ये तो ताब्यातच घेतला. विशाखापट्टणास बांधलेली जलउषा ही बोट १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरली. पुढे तोही कारखाना राष्ट्राचा झाला.

सांगलीचा संबंध येथे येतो. धोंडूमामा साठे यांनी १९४७ मध्ये सांगलीस अभियांत्रिकीचे महाविद्यालय सुरू केले. पुढे त्यास वालचंदांचे नाव मिळाले आणि आज ते त्याच नावाने ओळखले जाते. ज्या गृहस्थाने या देशात विमान व आगबोट बांधण्याचा ध्यास घेतला, त्याचे नाव समुद्र नसलेल्या गावी एका विद्यालयावर कोरलेले आहे, आणि ते योग्य स्थळीच आहे. कान्होजींच्या गुराबेस जो उणेपणा भोवला तो कारखान्याचा होता. आणि कारखाना प्रथम विद्यालयात जन्मास येतो.

आता या मुलखातील आणखी एक नाव. यशवंतराव चव्हाण यांचा जन्म १९१३ मध्ये देवराष्ट्रे येथे झाला. हे गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते, हल्ली सांगलीत आहे. त्यांचे शिक्षण कऱ्हाडास झाले. १९६२ च्या नोव्हेंबरात, चिनी आक्रमणात देश हादरला असता, त्यांस संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस पाचारण करण्यात आले. त्या युद्धात लढाऊ विमाने असूनही वापरली गेली नव्हती. विमान जवळ असणे आणि ते वापरण्याचा निर्णय घेणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, हा त्या युद्धाचा कटू धडा होता.

तीन वर्षांनी त्याची परीक्षा आली. १ सप्टेंबर १९६५ रोजी पाकिस्तानी रणगाडे छांबच्या बाजूने पुढे घुसले आणि अखनूरचा पूल धोक्यात आला. दुपारी सेनापती व हवाई दलाचे प्रमुख अर्जन सिंग विमाने वापरण्याची परवानगी मागण्यास आले. चव्हाणांनी मंत्रिमंडळाच्या बैठकीची वाट न पाहता काही मिनिटांतच होकार दिला. सूर्य मावळण्यापूर्वी पठाणकोटची विमाने रणांगणावर होती. त्या सायंकाळी जुनी व्हॅम्पायर विमाने पाठवावी लागली आणि त्यांपैकी चार पडली. होकार वेळेवर मिळाला तरी यंत्र जुने असेल तर त्याची किंमत वैमानिकास द्यावी लागते, हेही त्याच सायंकाळी दिसले. दोनच दिवसांनी लहानशा नॅट विमानाने सेबर पाडल्याची वार्ता आली. ही नॅट विमाने परवान्याने बंगळूरच्या त्याच कारखान्यात बांधली जात होती, ज्याचा पाया वालचंदांनी १९४० मध्ये घातला होता.

समुद्राकडे पाहिले तर चित्र निराळे होते. नौदलाचे प्रमुख भास्कर सोमण हे मराठी गृहस्थ. पोरबंदरच्या उत्तरेस जाऊन चढाई करू नये, असे बंधन त्यांच्या नौदलावर होते. युद्ध वाढू नये असा सरकारचा हेतू होता, आणि विक्रांत ही विमानवाहू नौकाही तेव्हा मुंबईच्या गोदीत दुरुस्तीसाठी होती. ७ सप्टेंबरच्या रात्री पाकिस्तानी नौकांनी द्वारकेवर तोफा डागल्या. नुकसान अल्प झाले, परंतु नौदलाच्या मनास ते फार लागले. एकाच राजधानीने एकाच युद्धात हवाई दलास मोकळे केले आणि नौदलास किनाऱ्याशी बांधून ठेविले. घाटावरच्या राज्यकर्त्यांस समुद्र दुय्यम वाटण्याची जुनी सवय दिल्लीलाही होती, असे यावरून म्हणता येईल.

ती उणीव पुढे भरून निघाली. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री क्षेपणास्त्रे वाहणाऱ्या लहान नौका सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरून निघून कराचीवर गेल्या आणि त्यांनी शत्रूची विनाशिका बुडविली. लहान, वेगवान, मोठ्या जहाजाच्या अंगावर धावणाऱ्या अशा नौका पाहून कान्होजींस आपल्या गलबतांची आठवण झाली असती. त्याच युद्धात विक्रांतने पूर्व समुद्र रोखून धरला. खुकरी ही युद्धनौका मात्र दीवनजीक बुडाली. विजयाचा हिशेब लिहिताना ती बाजू विसरता येत नाही.

१९६१ च्या २३ जून रोजी साताऱ्यास सैनिकी शाळा सुरू झाली. या मालिकेतील ही देशातील पहिली शाळा होय. तेव्हा चव्हाण महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. अजिंक्यताऱ्याच्या छायेतील या शाळेतून मुले खडकवासल्याच्या प्रबोधिनीत जाऊ लागली, आणि तेथे पायदळ, नौदल व हवाई दल यांचे शिक्षण एकाच छत्राखाली होते. याच शाळेचे विद्यार्थी प्रदीप वसंत नाईक हे २००९ ते २०११ या काळात हवाई दलाचे प्रमुख झाले. २०२१ पासून सैनिकी शाळांचे व २०२२ पासून प्रबोधिनीचे दार मुलींसही उघडले आहे. ज्या जिल्ह्यात अपशिंग्यासारखी गावे पिढ्यान्‌पिढ्या पायदळास जवान देत आली, तेथील मुलामुलींस आता समुद्र व आकाश या दोन वाटाही मोकळ्या आहेत.

देशाच्या स्मृतीतही हा समुद्र परत आला आहे. ज्यास परके चाचा म्हणत, त्या आंग्र्यांचे नाव मुंबईच्या नाविक ठाण्यास १९५१ मध्ये देण्यात आले. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोची येथे, याच देशात बांधलेली नवी विक्रांत नौदलात दाखल झाली आणि त्याच दिवशी नौदलाच्या निशाणावर शिवाजी महाराजांच्या मुद्रेवरून घेतलेली अष्टकोनी आकृती आली. २०२३ चा नौदल दिन सिंधुदुर्गाच्या पाण्यात साजरा झाला. हे सर्व आनंदाचेच आहे. परंतु निशाणावरची मुद्रा ही ज्या राज्याची खूण आहे, त्याच राज्याने आपले आरमार परक्याच्या हातून जाळविले होते, हे त्याबरोबर सांगितले नाही तर स्मरण अपुरे राहील.

सातारा-सांगलीच्या घरांपुरता या साऱ्याचा अर्थ असा. आरमार व हवाई दल ही किनाऱ्याची किंवा दिल्लीची खासगी दौलत नव्हे. ते राज्याचे अंग आहे, आणि अंगाचे पोषण सर्व शरीरातून होते. गणितात हुशार असलेला मुलगा किंवा मुलगी यंत्रशाळेकडे वळली, संरक्षणाच्या खर्चाची चर्चा निघाली असता नागरिकाने जहाजाचा आणि विमानाचाही हिशेब विचारला, एखाद्या दूरच्या सेनानीशी मतभेद झाला असता त्यास बुडविण्याऐवजी समजावून आपल्यात घेण्याची बुद्धी राज्यकर्त्यांस राहिली, तर कृष्णाकाठच्या गावांनी समुद्राचे ऋण फेडले असे होईल. १७१३ आणि १७५५ या दोन सालांत अंतर बेचाळीस वर्षांचे. सरदारही आंग्र्यांच्याच घरातले आणि तक्रारही तीच. पहिल्या वेळी दरबाराने तह केला आणि किनारा राखला. दुसऱ्या वेळी परक्यास बोलाविले आणि किनारा गमावला.